सगळे मुलगेच

रेवतीने भिंगाखालची काचपट्टी बदलली, डोळा चोळला आणि पुन्हा वाकून पाहिलं. नर. दुसरी पट्टी घेतली. तीतही नर. मग तिने गावोगावहून आलेल्या पोतड्यांतली शेवटची काढली, सुईच्या टोकाने हलकेच फोडली. आतून चिलटाहून बारीक, काळ्या चकचकीत गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर पडल्या, भिरभिरल्या, काचेवर बसल्या. मादीच्या मिशीचं टोक मुगदलासारखं जाड असतं. नराच्या मिशा शेवटपर्यंत बारीक आणि केसाळ. रेवती टोकं शोधत राहिली. एकही जाड टोक दिसेना.

"चहा गार झाला," तिचा नवरा दत्ता दारातून म्हणाला. "सकाळपासून डोळा लावून बसलीयस. काय दिसतंय एवढं?"

"सगळे मुलगेच आहेत."

"मग पेढे वाटू की!"

"हसू नका हो," रेवती म्हणाली. तिचा आवाज असा आला की दत्ताने हातातला कप खाली ठेवला. "उद्या कुणी नसणारे यांच्यामागं. पठारावर एकही मुलगी नाही."

बाहेर कडुलिंबाखाली बियाण्याच्या बटाट्याची रास उसाच्या पाचटाखाली झाकलेली होती. अशी रास त्या दिवसांत पिंपळपठारावरच्या आठही गावांत घरोघरी होती. चैत्र लागला होता. ऊन चढत होतं, आणि बटाट्याची पाकोळी याच उन्हाची वाट पाहत असते.

ही गोष्ट नीट कळायची तर आधी त्या माशीची ओळख करून घ्यायला हवी. घाई नको; माशी लहान आहे, तिचा संसार मोठा आहे.

पाकोळी म्हणजे राखी रंगाचा छोटा पतंग. तो बटाट्याच्या डोळ्यापाशी खसखशीएवढी अंडी घालतो. अंड्यातून अळी निघते, बटाट्यात शिरते आणि आतून तो पोखरून काढते. एका राशीत पाकोळी माजली की पाचट उचलल्यावर नुसता कुजका वास येतो. माणसांनी तिच्यावर फवारण्या केल्या. तिने त्या एकेक करून पचवल्या. शेवटी पठाराने फवारणीचा नाद सोडला आणि या बारीक गांधीलमाशीशी मैत्री केली.

ही माशी आपलं अंडं पाकोळीच्या अंड्यात घालते. म्हणजे खसखशीच्या दाण्यात धुळीचा कण. पाकोळीच्या अंड्यातून अळी निघते ती तो कण पोटात घेऊनच. अळी खाते, वाढते, आणि आतला कण दुभंगत जातो: दोन, चार, आठ. सगळ्याच जीवांचं असं होतं, तुमचं-माझंही झालं होतं. पण आपल्यात त्या साऱ्या पेशी एकत्र राहून एकच बाळ घडवतात. इथे त्यांचे घोळके सुटे होतात, आणि प्रत्येक घोळका वेगळं बाळ होतो. एका कणकेच्या गोळ्यातून चाळीस पुऱ्या निघाव्यात तशी एका अंड्यातून चाळीस भावंडं. कणीक एकच, म्हणून सगळी हुबेहूब सारखी. एक मुलगी असली तर चाळीसही मुली. शेवटी अळीचं नुसतं कातडं उरतं, चाळीस कोशांनी तट्ट भरलेलं. पठारावरच्या बायका त्याला पोतडी म्हणत.

आता यातली नवलाची गोष्ट. मुलींच्या घोळक्यात एखादी बहीण बाकीच्यांच्या आधीच जागी होते. तिला मोठे जबडे असतात. ती अळीच्या रक्तात पोहत पहारा देते आणि परकं कुणी आत आलं की त्याला चावून मारते. परकं कसं ओळखते? प्रत्येक बाळाभोवती पातळ पापुद्रा असतो. आपल्या पापुद्र्याची खूण तिला कळते. ती खूण नसेल ते सगळं परकं, मग तो दुसऱ्या जातीचा शत्रू असो की त्याच आईचा मुलगा, तिचाच भाऊ. ही सैनिक बहीण कधी मोठी होत नाही, तिला पंख फुटत नाहीत, पिल्लं होत नाहीत. सख्ख्या बहिणींचं कोशात जाणं झालं की ती मरते. मूळ अंड्यात एका कडेला एक ठिपका असतो. विभागणीत ज्या बाळाच्या वाट्याला त्या ठिपक्याचा अंश येतो त्याला पुढे संतती होते. ज्याच्या वाट्याला येत नाही ते पहाऱ्यावर.

जुन्या जातीत अशी सैनिक एखादीच असे, तीही भित्री. परदेशी बियाण्याबरोबर दुसरीच एक परोपजीवी माशी पठारावर आली आणि अळ्यांच्या पोटात शिरून आपल्या मैत्रिणींचा फडशा पाडू लागली, तेव्हा ती एकटी पुरी पडेना. मग तालुक्याच्या गावातल्या कीटकशाळेने वर्षानुवर्षं निवड करून एक वंश तयार केला. अंडं दुभंगतानाच्या नेमक्या वेळी थोडी ऊब दिली की ठिपका कमी बाळांना मिळतो आणि सैनिक वाढतात, हे तिथल्या नाखरे मॅडमना सापडलं होतं. ज्या माश्यांच्या लेकींनी ही सवय ऊब न देताही टिकवली, त्याच पुढे वाढवल्या. वंशाचं नाव ठेवलं झुंजार.

झुंजारच्या पहिल्या पोतड्या रेवतीकडे आल्या, कारण मित्रकीटक वाढवण्याची खोली पठारावर दोघींकडेच होती. एक तिची. दुसरी उंबरदऱ्याला तिच्या थोरल्या नणंदेची, कुंदाची. दोघी एकाच वेळी शिकल्या होत्या. कुंदाकडे जुन्या, शांत जातीचा वंश होता. तिने तो स्वतः बांधावरच्या रिंगणीच्या झुडपावरून शोधून आणला होता.

पोतड्या देताना नाखरे मॅडमनी बजावलं होतं, "रेवतीताई, पठाराच्या एकाच कोपऱ्यात सोडा. वर्षभर बघू. बाकी ठिकाणी जुनी राहू द्या."

रेवती हो म्हणाली होती. मग संक्रांत आली.

बचत गटाचं हळदीकुंकू त्या वर्षी रेवतीच्या अंगणात होतं. वाण म्हणून दरवर्षी गाळण्या आणि डबे वाटून बायका कंटाळल्या होत्या. रेवतीला सुचलं, झुंजारच्या पोतड्या कागदावर चिकटवून तिळगुळाबरोबर द्याव्यात. आठ गावच्या बायका येणार होत्या. आता वाण म्हटलं की हिला दिलं आणि तिला नाही, असं कसं चालेल? एका कोपऱ्यातल्या बायकांना मैत्रिणी द्यायच्या आणि बाकीच्यांच्या हातावर गाळणी ठेवायची? असा पंक्तिप्रपंच केला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा उरली नसती. रेवतीने सगळ्यांना सारखं वाण दिलं. बायका खूश होऊन गेल्या, आणि आपापल्या राशीवर तो कागद टोचून मोकळ्या झाल्या.

सगळ्यांना म्हणजे सगळ्या सवाष्णींना. कुंदाचा नवरा विहिरीवरच्या मोटरचा धक्का बसून गेला त्याला तीन संक्रांती झाल्या होत्या.

"वन्संना बोलवू या का या वर्षी?" रेवतीने आदल्या दिवशी सासूला विचारलं होतं.

इंदूबाई तीळ निवडत होत्या. कुंदा त्यांच्या पोटची. त्यांनी मान वर केली नाही. "मला का तिचं दुखत नाही? आई आहे मी. पण चार बायका यायच्या थांबल्या तर तिलाच लागंल. नको."

"पुढच्या वर्षी बघू मग," रेवती म्हणाली होती. तिला बरंच वाटलं होतं, निर्णय आपल्याला घ्यावा लागला नाही म्हणून.

माघात कुंदा स्वतःच आली. हातात जाळीचं झाकण लावलेली बरणी होती.

"रेवती, तुझी झुंजार माझ्या पोरी खातीय."

"बसा तरी, वन्सं. चहा टाकते."

"चहा राहू दे. माझ्या राशीतल्या अळ्या फाडून बघितल्या मी. आत माझ्या माशीची बाळं फाटलेली, आणि तुझ्या सैनिक पोहतायत. शेजारणींनी वाण म्हणून नेलं ना, ते वाऱ्यानं माझ्याकडं आलं." वाण हा शब्द तिने जरा सावकाश उच्चारला. "त्या भावांनासुद्धा सोडत नाहीत, हे बघितलंस का?"

रेवतीच्या राशीत त्या महिन्यात एक बटाटा किडला नव्हता. परदेशी माशी नाहीशी झाली होती. लोक वाटेत थांबवून कौतुक करत होते. ते सगळं तिच्या जिभेवर आलं. "दुबळ्या असतील तर मागं पडणारच की, वन्सं. त्याला मी काय करू?"

बोलल्याबरोबर तिला वाटलं, हे आपण माश्यांविषयीच बोललो ना?

कुंदाने बरणी उचलली. "दुबळ्या नाहीत त्या. शांत आहेत," ती म्हणाली, आणि आईला न भेटता गेली. उंबरदऱ्याला जाऊन तिने आपल्या खोलीच्या दाराला दुहेरी मलमल लावली, खिडक्या मेणाने बुजवल्या आणि येणं-जाणं बंद केलं. नणंद-भावजयींचं बोलणंही तेव्हापासून बंद होतं.

आता चैत्रात रेवतीने दत्ताला समोर बसवलं आणि तीन कप ओळीने मांडले. बोललं की विचार सरळ होतो, अशी तिची खोड होती.

"या माश्यांच्यात मुलीला बाप लागतो. मुलाला लागत नाही. नराशी जुळलेली मादी मुलगी घालू शकते. जिला नर भेटलाच नाही, तीही अंडी घालते, पण त्यातून नुसते मुलगे निघतात."

"बरं."

"पहिल्या पिढीत काय झालं? झुंजार मादी पाकोळीच्या एकाच अंड्यात मुलगी ठेवायची, शेजारी मुलगा ठेवायची. मुलीकडच्या सैनिक सगळ्या भावांना मारायच्या." तिने एक कप पालथा घातला. "नुसत्या मुलींच्या पोतड्या निघाल्या. आपल्याला आनंद. कारण मुलीच पुढं अंडी घालतात."

"मग बिघडलं कुठं?"

"नर कमी झाले. कुठं एखाद्या बिनजुळलेल्या मादीनं मुलगे घातले, तर त्याच अळीत दुसरी कुणी मुलगी ठेवून जायची. सैनिक तेही संपवायच्या. आपल्याकडं माश्या इतक्या झाल्या की कुठलीच अळी एकीची राहिली नाही." दुसरा कप पालथा पडला. "शेवटी एक पिढी अशी आली की सगळ्या मुली, आणि जुळायला नर कुणालाच नाही. सगळ्यांनी मुलगेच घातले. मुलग्यांना सैनिक नसतात, म्हणून ते सुखरूप वाढले. तेच आज उडतायत."

दत्ता बाहेर राशीकडे बघत होता. पाचटावर काळा धूर हलावा तसे नर तरंगत होते. इतक्या माश्या पठाराने कधी पाहिल्या नव्हत्या.

"आणि हे मेले, की..."

रेवतीने तिसरा कप पालथा घातला.

तिने नाखरे मॅडमना फोन लावला. पलीकडून मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"मी एका कोपऱ्यात म्हटलं होतं."

"हो, मॅडम."

"आमच्याकडे झुंजारच आहे. ती पुन्हा सोडली तर पावसाळ्यापर्यंत पुन्हा इथेच याल. जुनी जात आम्ही वेगळी ठेवलीच नाही; पठारावर आहेच म्हणून. ती आमची चूक. कुठे झुंजार पोचली नाही अशी एखादी जागा आहे का? एखादं घर?"

रेवतीला उत्तर माहीत होतं.

"आहे," ती म्हणाली. "एक घर आहे. आम्ही तिथं वाण दिलं नव्हतं."

संध्याकाळी गटाच्या बायका कडुलिंबाखाली जमल्या. रेवतीने सगळं सांगितलं. आधी हशाच झाला.

"एका अंड्यात चाळीस मुलगे!" पारूबाई म्हणाल्या. त्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या. "आमच्या सासवांना कळलं असतं तर अशीच सून शोधली असती गं! माझ्या तिसरीच्या वेळी तर बाळंतिणीला कुणी पाणी विचारलं नाही."

"आता कळतंय का मुलगी नसली की काय होतं?" कुणीतरी मागून म्हणालं.

मग रेवतीने राशीतला एक बटाटा काढून चिरला. आत अळीने केलेला काळा बोगदा होता. हसणं थांबलं. पावसाळ्याला पेरायचं सगळं बियाणं त्या राशींत होतं. शीतगृहं बाहेरच्या मालाने भरलेली होती.

"मग कुंदाकडनं आणा की," पारूबाई म्हणाल्या. "इंदूबाई, तुमची लेक आहे. ती का नाही म्हणंल?"

इंदूबाईंनी पदर डोक्यावर पुढे ओढला. "मी कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच त्या बोलल्या. नंतर त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

रेवती सकाळी एकटीच उंबरदऱ्याला गेली. गाडी लावून ती ओसरीकडे वळते तोच आतून आवाज आला.

"तिथंच थांब! अंगणातच. उंबऱ्याला पाय लावू नकोस."

रेवती जागच्या जागी थांबली.

कुंदा मलमलीच्या पडद्याआडून बाहेर आली. केस फडक्यात घट्ट बांधलेले, हात कोपरापर्यंत ओले. "पदर झटक. त्या चिंचेपाशी जाऊन झटक. तुझ्या अंगावर काय बसून आलंय ते तुला तरी ठाऊक आहे का?"

"मादी नाहीये, वन्सं. आमच्याकडं एकही मादी राहिली नाही."

"ठाऊक आहे. नर माझ्या जाळीला येऊन धडकतायत दोन दिवस. तरी झटक."

रेवतीने चिंचेपाशी जाऊन पदर झटकला, बाह्या झटकल्या. मग परत येऊन उन्हात उभी राहिली. कुंदा ओसरीवर बसली. तिने बस म्हटलं नाही.

"तर मुली बघायला आलीस म्हणायची."

रेवतीला हसावं की रडावं कळेना. "हो."

"तुझी पोरं आहेत चिक्कार. मुली नाहीत. कांदेपोहे करू का?"

"वन्सं..."

"आपल्या भावांना खाणाऱ्या घरात माझ्या पोरी द्यायच्या. आणि उद्या त्यांच्या लेकी बापाच्या वळणावर गेल्या तर? त्यांनीही भावांना फाडायला सुरुवात केली तर? माझ्याकडं एवढीच एक खोली आहे, रेवती. ही गेली की पठारावर काही नाही. रिंगणीच्या झुडपात आता शोधून सापडायची नाही."

"मॅडम म्हणाल्या, मिसळलेल्या अंड्यांत काही शांत निघतील, काही भांडखोर. शांत तेवढ्या निवडून वाढवायच्या. खात्री नाही म्हणाल्या."

"खात्री नाही म्हणाल्या हे बरं केलं." कुंदा पडद्याकडे पाहत राहिली. आत ओल्या पोत्याचा वास होता. "मला का नाही बोलवलंस गं?"

प्रश्न इतक्या साध्या आवाजात आला की रेवतीला क्षणभर वाटलं, ती गटाच्या कालच्या बैठकीबद्दल विचारतेय.

"आई नको म्हणाल्या," ती म्हणाली. मग तिलाच ते पुरेसं वाटलं नाही. "आणि मला ते सोयीचं वाटलं."

कुंदाने मान हलवली. ती होकाराची की कसली, ते कळलं नाही. एक नर माशी तिच्या मनगटावर येऊन बसली. तिने ती फुंकरीने उडवली.

"पोतड्या देते. पण तू नेऊन वाटायच्या नाहीत. ज्यांना पाहिजे त्यांनी इथं यायचं, माझ्या अंगणात. केस बांधून, हात धुऊन, पदर झटकून. मी माझ्या हातानं देणार. आणि प्रत्येकीनं वीतभर जाळीचा डबा करून आणायचा. पहिली पिढी डब्यातच वाढवायची, नर बाहेरून दोनच घालायचे, ते मी सांगीन तसे. परदेशी माशीपुढं टिकायला थोडं झुंजार रक्त लागंलच."

"सगळ्या येतील असं नाही, वन्सं. तुमच्या हातून..." रेवतीने वाक्य तसंच सोडलं.

"तर त्यांच्या राशीला माशी नाही," कुंदा म्हणाली. "मी कुणाला आमंत्रण धाडत नाही. मला सवय नाही त्याची."

ठरलेल्या सकाळी कुणी येतंय का पाहायला उंबरदऱ्याच्या रस्त्यावर रेवती चार वेळा जाऊन आली. पारूबाई आल्या, वाटेतच तोंडाचा पट्टा सुरू करून. आणखी दहा-बारा आल्या. पण त्या अंगणाच्या कडेला कुडापाशी उभ्या राहिल्या. डबे हातात होते. पुढे कुणी सरेना. पारूबाईंनाही अचानक घसा साफ करावासा वाटला.

कुंदा ओसरीवर परात घेऊन बसली होती. परातीत ओलं फडकं, त्यावर कागद, कागदावर पोतड्या. ती कुणाकडेही पाहत नव्हती. फडक्यावर पाणी शिंपडत होती. ऊन वर येत होतं. उन्हात पोतड्या ठेवून चालत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

रेवतीने पाऊल उचललं, एवढ्यात मागून कुणीतरी तिचा दंड धरून तिला बाजूला केलं.

इंदूबाई होत्या. त्या कुणाला न सांगता, एस.टी.ने एकट्या आल्या होत्या. हातात तिळाचा जुना डबा होता, डब्याच्या तोंडाला दत्ताच्या धोतराची मलमल बांधलेली. त्या सरळ ओसरीपुढे गेल्या. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हात धुतलेस?" कुंदाने विचारलं.

"धुतले."

"पदर?"

इंदूबाई वळल्या. सगळ्या गावांच्या बायकांदेखत त्या चिंचेपाशी गेल्या, डोक्यावरचा पदर काढला आणि झटकला. एकदा, दोनदा. पांढरे केस उघडे पडले. मग त्या परत आल्या आणि तो पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला, वाण घ्यायला पसरतात तसा.

"पदरात नको, आई. डब्यात," कुंदा म्हणाली. "पदरात चिरडतील."

तिने कागद डब्यात ठेवला. वर मलमल ओढून दोऱ्याने बांधली. गाठ मारताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"चला गं," पारूबाई गरजल्या, "की मुहूर्त काढायचाय?" आणि कुडापासून बायका हलल्या.

तो उन्हाळा सोपा गेला नाही. बाहेरचे नर काही दिवसांत मरून पडले. झाडू मारला की राशीखालून काळी भुकटी निघे. त्यानंतर पाकोळीला मोकळं रान मिळालं. तीन गावांतल्या राशी उघडून फेकाव्या लागल्या. रात्री डोळा लागला तरी रेवतीला पाचटाखाली कुरतडल्याचा भास होई. ती उठे, राशीला हात लावी, परत येऊन बसे. घरोघरी जाळीच्या डब्यांत अळ्या वाढत होत्या. त्यांच्या पोटात काय वाढत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. बायका तिला फोन करून विचारत, "माझी फुगलीय गं, बरोबर ना?" ती सगळ्यांना बरोबर म्हणे. बरोबर कशाला म्हणायचं, हे तिलाही अजून माहीत नव्हतं.

इंदूबाईंच्या डब्यातली पोतडी सगळ्यांत आधी पिकली. ती घेऊन सासू-सुना उंबरदऱ्याला गेल्या. चिंचेपाशी दोघींनी न सांगता पदर झटकले. कुंदाने ओसरीवर भिंग मांडलं होतं. पोतडी काचेखाली ठेवली आणि तिघी वाट पाहू लागल्या.

कातड्याला एक भोक पडलं. एक काळं डोकं बाहेर आलं.

रेवती वाकली. मिशा बारीक, केसाळ, शेवटपर्यंत.

"काय आहे गं?" इंदूबाईंनी विचारलं.

"मुलगा."

दुसरी बाहेर पडली. तोही मुलगा. तिसरा. रेवतीची मान आखडली होती. तिने ती हलवली नाही. जुळलंच नाही म्हणजे. डब्यात दोन नर घातले होते, ते जुळले नाहीत, की मॅडमचं चुकलं, की...

चौथी माशी भोकातून अर्धी बाहेर आली आणि थांबली. आधी एक मिशी सोडवली, मग दुसरी. टोक मुगदलासारखं जाड होतं.

रेवतीने श्वास सोडला तो काचेवर धुकं होऊन बसला. तिला पुसून पुन्हा पाहावं लागलं.

"मुलगी," ती म्हणाली. "वन्सं, मुलगी आहे! मुलग्यांच्या मागून. एकाच पोतडीतून."

"एकाच?" कुंदा झपाट्याने पुढे आली. तिने रेवतीला खांद्याने बाजूला सारून भिंगाला डोळा लावला. "भाऊ जिवंत असताना?"

"तीन भाऊ तर माझ्यासमोर निघाले."

कुंदा बराच वेळ पाहत राहिली. भोकातून मुली निघत होत्या, मुलगे निघत होते, एकमेकांच्या पाठीवरून चढत होते. इंदूबाई मध्येच, कुणालाही उद्देशून नव्हे, म्हणाल्या, "मुलगी झाली." जणू बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या होत्या.

"एका पोतडीनं काही ठरत नाही," कुंदा डोळा न काढता म्हणाली. "बाकीच्या डब्यांत भांडखोर निघतील. त्या वेगळ्या काढायच्या. दर पिढीला बघावं लागंल, सगळ्यांच्या घरचं."

"बघू," रेवती म्हणाली. "वन्सं, पुढच्या संक्रांतीला..."

"पुढचं पुढं." कुंदाने काचपट्टी दोन्ही हातांत उचलली आणि मलमलीचा पडदा कोपराने सारला. आत अंधार होता, ओल्या पोत्यांचा गारवा होता. उंबऱ्यावर ती थांबली आणि तिने मान वळवली.

"उभी काय राहिलीस? आत ये. आणि पडदा नीट लाव, वारा सुटलाय."